वाडीचं वाडीला

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. सर्वांत मोठा फटका पोफळींना बसला. वडील-आजोबांनी लावलेली झाडं मधोमध मोडली, माड मुळांसकट कलंडले. पाऊस तोंडावर आलेला असताना बागायतदारांपुढे खोडांचे, झावळ्यांचे, आंबा-फणसाच्या फांद्यांचे ढीग पडले. ते उचलायला माणसं मिळेनात, न्यायला जागा सापडेना. अशा वेळी वाडी मोकळी करण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे पेटवून देणं. संकटात सापडलेल्या माणसाला त्याबद्दल कुणी बोल लावू नये. पण त्या ढिगांत नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर या किनाऱ्यावरच्या शेतीचं मर्म हाती लागतं.

घाटावरच्या काळ्या जमिनीत सुपीकता मातीत साठते. चिकणमातीचे बारीक कण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धरून ठेवतात आणि पिकाला लागेल तसं सोडतात. किनाऱ्यावरच्या वाळूत हे घडत नाही. तिथे सुपीकतेचा मोठा भाग झाडातच असतो. झावळी गळते, कुजते, तिच्यातलं अन्न मुळं लगेच वर ओढतात आणि ते पुन्हा झावळीत जातं. सुपीकता इथे साठत नाही, ती फिरत राहते. म्हणून वाडीत पडलेली झावळी बाहेर गेली, नारळाची सोडणं विकली गेली, पातेरा जाळला गेला, की हा फेरा तुटतो आणि वाडी उपाशी पडते. वादळात एका दिवसात पडलेला तो पालापाचोळा म्हणजे त्या वाड्यांची कित्येक वर्षांची शिल्लक होती.

वाळूला अन्न का धरता येत नाही, हे पाहू. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांच्या कणांवर धन. त्यामुळे ते मातीला चिकटून राहतात. हा भार मुख्यतः चिकणमातीच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या, म्हणजे ह्यूमसच्या, पृष्ठभागावर असतो. वाळूच्या भरड कणावर तो जवळजवळ नसतोच. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या वाळूची ही धारणक्षमता शास्त्रज्ञांच्या मापात १०० ग्रॅममागे ५ एककांच्याही खाली राहते, तर ह्यूमसची १५० ते २५० पर्यंत जाते. म्हणजे वजनाने एक टक्का ह्यूमस वाढला, तरी वाळूची अन्न धरण्याची ताकद दीडपट-दुप्पट होऊ शकते. काळ्या जमिनीत तेवढ्याच ह्यूमसने पडणारा फरक जाणवणारही नाही. सेंद्रिय कचऱ्याचं मोल वाळूत सर्वाधिक आहे, ते या कारणाने.

त्यावर पाऊस. अलिबागला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका गुंठ्याचा हिशेब मांडला तर हे सुमारे दोन लाख लिटर पाणी होतं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, त्यामुळे स्वच्छ पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजे pH, ५.६ च्या जवळपास असतो. एवढं पाणी चाळणीतून जावं तसं वाळूतून खाली जातं आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश घेऊन जातं. त्यांच्या जागी आम्लता देणारे हायड्रोजनचे कण बसतात. वर्षानुवर्षं हे चाललं की जमीन आंबट होत जाते. सामू ७ म्हणजे उदासीन. ही मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, म्हणून सामू ६ ची जमीन ७ पेक्षा दहापट आम्लधर्मी असते आणि ५ ची शंभरपट. सामू साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळू लागतं. ते मुळांची टोकं आखूड आणि बोथट करतं. घातलेलं स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियम अडवून ठेवतात. झाडाला नत्र मिळवून देणारे जिवाणू मंदावतात. खताचं पोतं रिकामं होतं, झाड मात्र पिवळंच राहतं.

मात्र रायगडच्या किनाऱ्यावरची सगळी वाळू आम्लधर्मी आहे असं समजून कामाला लागू नका. या जिल्ह्याचा किनारा दोनशे चाळीस किलोमीटर लांबीचा, आणि समुद्रापासून डोंगराकडे चालत गेलं तर तासाभरात जमीन अनेकदा बदलते. आधी पुळण. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपला म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. अशा ताज्या वाळूचा सामू ७ च्या वर, कधी ८ पर्यंत असतो. तिच्यामागे जुन्या वाळूवरच्या वाड्या. तिथल्या वरच्या थरातला शिंपल्यांचा चुना पावसाने कधीच विरघळून नेलेला असू शकतो. मग खाडीलगतची खारजमीन. तिचं दुखणं मीठ हे आहे, त्याचा उपचार निराळा, आणि त्यासाठी पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं स्वतंत्र खारजमीन संशोधन केंद्र आहे. त्यापुढे वरकस, तांबडी, भरड, स्वभावतःच आम्लधर्मी जमीन. डोंगरउतारावरची ही माती ओढ्यांनी वाहून आणून वाड्यांच्या वाळूत मिसळली आहे. त्यामुळे एकाच गावात दोन शेजाऱ्यांच्या वाड्यांचा सामू वेगळा निघतो. घरच्या घरी एक ढोबळ चाचणी होते. चमचाभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे आणि वरून चुना किंवा राख देण्याचं कारण नाही. बुडबुडे आले नाहीत तर मात्र नमुना प्रयोगशाळेत पाठवायला हवा.

आम्लता वाढवण्यात आपलाही हात आहे. थळ-वायशेतला आरसीएफचा मोठा युरिया कारखाना याच किनाऱ्यावर उभा आहे आणि युरियाने कोकणातल्या भाताचं उत्पन्न वाढवलं हे नाकारता येणार नाही. पण युरियातल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. १०० किलो युरियाने निर्माण झालेली आम्लता मारायला साधारण ८० किलो चुनखडी लागते. अमोनियम सल्फेट असेल तर ११० किलो. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला दोन-सव्वादोन किलो युरिया देण्याची पद्धत आहे. म्हणजे दर माडामागे दरवर्षी पावणेदोन किलो चुनखडीची उधारी चढते. चिकणमातीत ही उधारी पुष्कळ वर्षं पचते. वाळूत ती लवकर दिसते.

जुन्या लोकांनी सामू मोजला नव्हता, पण उपाय शोधला होता. भाताची रोपं वाढवण्यासाठी राब भाजण्याची रीत रायगड-ठाण्यात शतकानुशतकं चालत आली. शेण, टाहाळ, पातेरा, गवत यांचे थर जमिनीवर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी पेटवून द्यायचे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाच्या उष्णतेने तणांचं बी मरतं, मातीतलं नत्र मोकळं होतं, आणि उरलेली राख आम्लधर्मी मातीला चुन्यासारखी लागू पडते. रोपांच्या लहानशा तुकड्यापुरती ही युक्ती उत्तम होती. मात्र तिच्यासाठी जंगलाचा टाहाळ लागे आणि सेंद्रिय कर्ब धुरात जाई. वाळूच्या वाडीला राखेइतकीच, किंबहुना जास्तच, गरज त्या कर्बाची आहे. तेव्हा राबातली राख घ्यावी, जाळणं सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चुलीतली, बेकरीतली, गूळ-काकवीच्या भट्टीतली राख आज फुकट मिळते. तिच्यासाठी झावळी जाळण्याची गरज नाही.

कुजवण्याचं शास्त्रही मराठी माणसाच्या घरचं आहे. होळकरांच्या इंदुरात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात शेतातल्या काडीकचऱ्याचं खत करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. तिच्यावरचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. आज ते फार थोड्यांना माहीत असतं. या पद्धतीत एक गोष्ट आग्रहाने सांगितली होती: ढिगात काडीकचरा आणि शेण यांच्या जोडीला लाकडाची राख किंवा गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती हवीच, कारण कुजताना तयार होणारं आम्ल मारलं गेलं नाही तर जिवाणूंचं काम अडतं. पुढे विदर्भात पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी हीच दिशा धरून जाळीच्या विटांची टाकी बांधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून गावोगाव पोहोचली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा टाकीत सुमारे दीड टन काडीकचरा, शंभर किलोच्या आत शेण आणि पावणेदोन टन माती, एवढ्यावर तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत होतं. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे तिचं वैशिष्ट्य. गुरं कमी झालेल्या आजच्या कोकणाला ते सोयीचं आहे. रायगडात एकच बदल करावा लागतो. टाकीवर छप्पर हवं. उघड्या टाकीतलं सगळं सत्त्व जुलैच्या पावसात गटारात जाईल.

आता वाडीतला माल पाहू. एका माडाला वर्षाला बारा-चौदा झावळ्या येतात आणि तेवढ्याच गळतात. एकरभर माडाच्या वाडीत हा पाला टनांनी मोजावा लागतो. झावळीतला लिग्निन चिवट असतो, म्हणून ती नुसती टाकून ठेवली तर वर्षभर तशीच दिसते. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने झावळ्यांवर काम करणारं आफ्रिकन जातीचं गांडूळ वापरून त्यांचं खत करण्याची पद्धत दिली आहे. पाती तोडून, थोडं शेण मिसळून, दोन-तीन आठवडे मुरवून मग गांडुळं सोडली की अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं. देठाचे जाड दांडे मात्र गांडुळांना आवरत नाहीत. ते आळ्यात आच्छादन म्हणून घालावेत.

नारळाच्या सोडणाची गोष्ट आणखी रंजक आहे. नारळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा सोडणाचा. त्यातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो स्वतःच्या वजनाच्या पाच-सहापट पाणी धरतो. वाळूला हवं ते नेमकं हेच. पण हा भुसा कच्चा घातला तर फसगत होते. त्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या वर असतं, म्हणजे नत्राच्या मानाने कर्ब फार. कुजवणारे जिवाणू मग मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने त्यात धिंगरी अळंबीचं बियाणं आणि थोडा युरिया घालून महिनाभरात हे गुणोत्तर पंचवीसच्या आसपास आणण्याची रीत बसवली. आपल्या किनाऱ्यावर नत्राचं आणखी एक स्वस्त आगर आहे. ते मासळीच्या बाजारात वाया जातं, त्याकडे पुढे येतो. सोडणं न फोडताही उपयोगी पडतात. माडाच्या खड्ड्यात तळाला सोडणांचे दोन थर, खोलगट बाजू वर करून, ठेवण्याची शिफारस वालुकामय जमिनीसाठी आहेच. ती पाणी धरतात आणि हळूहळू पालाश सोडतात.

शहाळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न नागाव, वरसोली, किहीम, मुरूड, दिवेआगर या पर्यटनाच्या गावांना दर सुट्टीत पडतो. पाणी पिऊन फेकलेली शहाळी रस्त्याकडेला साठतात, त्यांत पावसाचं पाणी भरतं आणि डास होतात. ओलं सोडण कोरड्या सोडणापेक्षा सहज कुजतं. चिरून, शेणाचा काला शिंपडून, कोरड्या पाल्याबरोबर रचलं तर सहा महिन्यांत त्याची ओळखही राहत नाही. घनकचरा नियमांनुसार रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांनी आपला ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवायचा आहे. मोठी रिसॉर्टं या हिशेबात बसतात. ज्या रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे माडाची वाडी आहे, त्याने ओला कचरा गाडीत भरून डम्पिंगला पाठवावा, याला मला कुठलंच समर्थन सापडत नाही.

मासळीकडे वळू. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, एकदरा, दिघी, भरडखोल, जीवना ही सगळी मासळीची गावं, आणि मागे लागूनच वाड्या. खायला न लागणारी बारीक मासळी वाळवून माडाला घालायची, ही कुटीची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. मासळीच्या खतात नत्र चार ते दहा टक्के आणि स्फुरद तीन ते नऊ टक्के असतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. स्फुरदाची ही जोड आम्लधर्मी जमिनीत विशेष मोलाची, कारण तिथे स्फुरदाचीच उपासमार असते. शिवाय माशाच्या काट्यांत कॅल्शियम असतं. दोष दोनच: वास आणि मीठ. वासाचा इलाज कोरड्या मालात आहे. मासळीचं आतडं-डोकं एक घमेलं, तर नारळाचा भुसा, तूस किंवा चुरलेला पाला तीन घमेली, या प्रमाणात थर देऊन मासळी चारही बाजूंनी हातभर झाकली तर ढीग दोन-तीन दिवसांत हाताला चटका बसेल इतका तापतो, माश्या धरत नाहीत आणि कुत्री उकरत नाहीत. नारळाच्या भुशाला नत्र हवं आणि मासळीला कर्ब. दोघांची गरज एकाच ढिगात भागते. मिठाचा इलाज मात्र निवड हाच. खारवलेल्या मासळीचं पाणी, सुक्या मासळीच्या ओट्यावरचं मीठ लागलेली झाडलोट, किनाऱ्यावर आलेलं न धुतलेलं शेवाळ वाडीत घालू नका. माड थोडं मीठ सोसतो, पोफळ आणि केळ सोसत नाहीत.

गूळ घालून आंबवलेलं मासळीचं द्रव खत हल्ली पुष्कळ जण करतात. नत्रासाठी ते चांगलं. पण त्याचा सामू चारच्या जवळ असतो, म्हणजे ते स्वतःच आंबट. जमिनीची आम्लता घालवायला ते घालू नये.

आम्लता घालवणारी वस्तू मासळी बाजारातच, पण दुसऱ्या टोपलीत असते. तिसऱ्या, कालवं, खुबे यांची कवचं, चिंबोरीची पाठ, माकुळाच्या पाठीतलं पांढरं पान, कोळंबीची सालं. शिंपल्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असतं. कोळंबीच्या सालांत ते बरंच कमी, पण सोबत प्रथिनं आणि कायटिन मिळतं. शिंपले भाजून चुना करण्याच्या भट्ट्या एके काळी कोकणात होत्या आणि त्या चुन्यावर घरं-देवळं उभी राहिली. शेतीसाठी भाजण्याची गरज नाही, बारीक करण्याची आहे. अख्खा शिंपला मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो; त्याची पूड केली तर काही महिन्यांत काम करते. मिठासाठी शिंपले एका पावसाळ्यात उघड्यावर धुऊन घ्यावेत आणि मग कुटावेत. अंड्याच्या टरफलांनाही हेच लागू. त्यांतही नव्वद टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असतं.

राखेबाबत एक गल्लत होते, ती इथेच दूर करतो. लाकडाची राख आणि भाताच्या तुसाची राख एक नव्हे. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पालाश भरपूर असतो; आम्लता मारण्याची तिची ताकद चुनखडीच्या पाव ते निम्म्याहून थोडी अधिक, अशी लाकडागणिक बदलते. तुसाची राख मात्र बहुतांशी सिलिका असते. भाताला सिलिका उपयोगी आहे, पण सामू वाढवायला ही राख फारशी कामाची नाही. गिरणीचं तूस मिळालं तर राख करण्याआधीच ते ढिगात मिसळावं किंवा कमी हवेत जाळून त्याचा कोळसा करावा. हा कोळसा मातीत लवकर कुजत नाही. आपल्या उष्ण-दमट हवेत, जिथे शेणखतही वर्षा-दोन वर्षांत जळून जातं, तिथे हा मोठा गुण आहे.

निर्माल्याचं खत करण्याची सवय रेवदंड्याच्या डॉ. श्री. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानच्या श्रीसदस्यांनी गणेशोत्सवात अनेक गावांना लावली. फुलं, दुर्वा, केळीचे खुंट यांचं खत लवकर होतं आणि ते वाडीत जायला हवं. सुरूच्या बनातल्या काड्यांबद्दल मात्र सावध राहा. त्या सावकाश कुजतात आणि कुजताना आम्ल सोडतात. शिंपल्यांच्या वाळूवर त्या घातल्या तर हरकत नाही. आंबट वाळूवर घालायच्या तर राखेबरोबरच.

कच्चा पाला कुजताना आम्ल सोडतो, तर पिकलेल्या खताने आम्लता कमी कशी होते, असा प्रश्न पडेल. वनस्पतीने जमिनीतून घेतलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश तिच्या पानांत सेंद्रिय आम्लांच्या क्षारांच्या रूपाने असतं. जिवाणू ती आम्लं खाऊन टाकतात तेव्हा मातीतले हायड्रोजनचे कणही वापरले जातात आणि मागे अल्कधर्मी अंश उरतो. म्हणून नीट कुजलेल्या खताचा सामू सात ते आठच्या दरम्यान येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्यूमस विरघळलेल्या अॅल्युमिनियमला घट्ट बांधतो. सामू फारसा हलला नाही तरी मुळांचा त्रास थांबतो. नुसत्या चुन्याने सामू चढतो, पण वाळूची धारणक्षमता तेवढीच राहते आणि पुढच्या पावसात चुनाही निघून जातो. नुसत्या खताने धारणक्षमता वाढते, पण तीव्र आम्लता लवकर जात नाही. या जमिनीला दोन्हींची जोड द्यावी लागते.

किती द्यायचं? एका गुंठ्यातल्या वरच्या १५ सेंटिमीटर वाळूचं वजन सुमारे २२ टन भरतं. तिच्यात एक टक्का ह्यूमस वाढवायचा तर सव्वादोनशे किलो ह्यूमस हवा, आणि खतातलं पाणी, माती, पुढची कूज वजा जाता त्यासाठी टनाहून अधिक खत लागेल. ते एका वर्षात घालू नका. वाळूला एकदम दिलेलं टिकत नाही. गुंठ्याला दरवर्षी दीडशे-दोनशे किलो खत आणि वर सतत पाल्याचं आच्छादन, असं पाच-सहा वर्षं चाललं पाहिजे. चुन्याचं उलट आहे. वाळू सामूच्या बदलाला फारसा विरोध करत नाही, म्हणून सामू साडेपाचावरून साडेसहावर न्यायला गुंठ्याला दहा-पंधरा किलो शिंपल्यांची पूड पुरते. तीही दोन हप्त्यांत द्यावी. चिकणमातीचं प्रमाण वाळूला लावलं तर सामू भलताच वर जातो आणि जस्त, लोह, बोरॉन झाडाला मिळेनासं होतं. माडाची कोवळी पानं एकमेकांना चिकटून, आखडून बाहेर येतात ती बोरॉनच्या कमतरतेने. मुळात माड ५ ते ८ सामूची जमीन चालवून घेतो. त्याच्यासाठी सामू सहाच्या आसपास आला की पुढे जाण्याची गरजच नाही. भाजीपाल्याला मात्र साडेसहा चांगला. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदाही ६ ते ७ सामूत खुलतो. राख आणि चुना कधीही युरियाबरोबर किंवा ताज्या शेणखताबरोबर एकाच दिवशी देऊ नका. नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

वेळ पाऊस सरल्यावरची. नवरात्र ते दिवाळी हा काळ उत्तम, कारण जमिनीत ओल असते आणि धो धो पाऊस नसतो. पावसाळ्याआधी बारीक खत घातलं तर ते वाहून जातं; त्या वेळी जाड आच्छादन घालावं, म्हणजे थेंबांचा मार त्यावर बसतो. मोकळ्या जागेत जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. कुंपणाला गिरिपुष्प लावलं तर दर दोन-तीन महिन्यांनी नत्राने समृद्ध पाला हाताशी येतो. आळ्यातलं आच्छादन एप्रिल-मेमध्ये आणखी एक काम करतं, आणि किनाऱ्यावर ते सर्वांत मोलाचं ठरावं. वाळू ओलावा धरू लागली की शिंपणं कमी लागतं. शिंपणं कमी झालं की विहिरीतून उपसा घटतो, आणि उपसा घटला की समुद्राचं खारं पाणी विहिरीत शिरण्याचा धोका कमी होतो. एकदा विहीर खारट झाली तर कुठलंही खत तिला गोड करू शकत नाही.

वादळानंतर लावलेल्या पोफळी आता वाढत आहेत. पोफळीला फळ धरायला पाच ते आठ वर्षं लागतात. कोवळ्या मुळांना पहिली काही वर्षं मऊ, ओलसर, सावलीतली जमीन मिळाली तरच पुढची झाडं खंबीर होतात. अशा वाडीत आच्छादनाला पर्याय नाही.

तेव्हा या दिवाळीच्या सुमाराला एवढं करा. वाडीत नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल माती घ्या. उकिरड्याजवळची आणि खत नुकतंच पडलेली जागा टाळा. सगळी माती मिसळून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा आणि सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन गोष्टी तपासून घ्या. नमुना कुठे द्यायचा, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा रोह्याजवळच्या किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात कळेल. अहवाल येईपर्यंत वाडीच्या एका कोपऱ्यात छपराखाली ढीग रचायला घ्या, मासळी बाजारातल्या मावशींना शिंपले वेगळे ठेवायला सांगा, आणि तोवर वाडीतली एकही झावळी पेटवू नका.